आई-वडिलांना रॉक कॉन्सर्टला नेताना: सातारा-सांगलीकरांसाठी क्रमवार मार्गदर्शक

पुण्यात किंवा मुंबईत मोठा बँड येणार असं कळलं की आपल्याकडची पोरं आधी तिकिटं काढतात आणि मग घरी सांगतात, "बाबा, तुम्हीपण येताय." पुढचं सगळं ओढूनताणून बसवावं लागतं. तिकीट उभ्याचं निघतं आणि बाबांचा गुडघा दुखत असतो. कार्यक्रम रविवारी रात्री संपतो आणि सोमवारी सकाळी सांगलीत कामावर हजर व्हायचं असतं. कानातले प्लग गेटवर आठवतात.

क्रम असा ठेवा: विचारणं, तब्येत, परतीचा प्रवास, तिकीट, कान, गाणी, पिशवी आणि मग तो दिवस. पहिल्या तीन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय पैसे भरू नका. तोवर तिकिटं संपतील ही भीती खरी आहे, पण बँडची घोषणा आणि विक्रीची सुरुवात यांत बहुतेक वेळा काही दिवस असतात. हे तीन टप्पे त्या दिवसांत उरकायचे.

लेख साधारण ५५ ते ७५ वयाच्या, हिंडत्या-फिरत्या आई-वडिलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. कॉलेजातल्या मुलीबरोबर जाणाऱ्या चाळिशीतल्या पालकांनाही टप्पे हेच. त्यांनी दुसरा टप्पा भरभर वाचला तरी चालेल.

## टप्पा १: आधी विचारा, आणि सगळं सांगून विचारा

"कॉन्सर्टला येणार का?" एवढंच विचारलं तर आई म्हणते, "तू म्हणशील तसं." हा होकार धरू नका. आपल्या भागात मोठा आवाज म्हटला की गणपतीतला डॉल्बी आठवतो. वडिलांच्या डोक्यात तेच चित्र उभं राहतं. मग ते एकतर तडकाफडकी नाही म्हणतात, किंवा तुमचं मन मोडायला नको म्हणून हो म्हणतात. दोन्ही उत्तरांवर विसंबून चालत नाही.

विचारताना त्यांना हे स्पष्ट सांगा: आत एकूण किती तास जातील, बसायला खुर्ची आहे की नाही, आवाज छातीत जाणवेल इतका असतो, कानात प्लग घालायचे आहेत, घरी पोचायला रात्रीचे किती वाजतील. त्यांना आवडतील अशी दोन गाणी त्याच वेळी ऐकवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मध्येच निघता येईल, हे आधीच कबूल करा. "तुम्हाला कंटाळा आला की निघायचं. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही," हे वाक्य तोंडानं म्हणा. ते म्हटलं नाही तर दुखत असलं तरी ते बोलणार नाहीत, कारण तिकिटाचा आकडा त्यांनी तुमच्या मोबाइलवर केव्हाच पाहिलेला असतो.

नातेवाइकांसमोर विचारू नका. काका-मामा असले की वडिलांचा होकारही त्यांच्यासाठी असतो आणि नकारही.

सांगली-मिरजेकडे मैफली ऐकलेली पिढी अजून आहे. या मंडळींचा ऐकण्याचा दम तुमच्यापेक्षा जास्त निघेल. अडचण उभं राहण्याची असते. त्यांचा पहिला प्रश्न असेल, "बसून ऐकायचं ना?" त्याचं उत्तर माहीत करून घेऊनच विषय काढा.

तपासा: दोन दिवसांनी पुन्हा एकदा विचारलंत तरी उत्तर हो आहे का? आता ते स्वतः काही विचारतायत का? प्रश्न यायला लागले की होकार खरा.

## टप्पा २: तब्येतीचा हिशेब

मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमात गेटवरची रांग, आतलं चालणं, आधीचे बँड आणि मुख्य बँड मिळून चार-पाच तास सहज जातात. "बाबा रोज फिरायला जातात" हा त्यासाठी पुरावा नाही. चालणं आणि एका जागी उभं राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ताटकळत उभं राहिलं की ते पायांत साचतं, घोट्यांना सूज येते, कधी चक्कर येते.

म्हणून एक चाचणी घ्या. सातारकरांनी संध्याकाळी पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चालत जावं, तिथं चौपाटीवर खाऊन तासभर न बसता उभ्यानं गप्पा माराव्यात आणि चालत परत यावं. सांगलीकरांनी आमराईत फेऱ्या मारून तेच करावं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा की गुडघा, टाच, कंबर यांपैकी काय बोलतंय. त्या उत्तरावर तिकिटाचा प्रकार ठरेल. स्टेडियम असेल तर जिन्यांचाही विचार करा. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं, आणि उतरायचं असतं ते शेवटी, दमल्यावर, गर्दीत.

नेहमीच्या डॉक्टरांना भेटून यातलं लागू असेल ते विचारा:

- बीपी: काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. त्या दिवशी वेळ बदलायची का, हे डॉक्टरच सांगतील. स्वच्छतागृहाच्या रांगेला घाबरून आपल्या मनानं गोळी बुडवणारे बरेच असतात.
- मधुमेह: जेवणाची वेळ पुढं जाणार, चालणं वाढणार. इन्सुलिन किंवा गोळी केव्हा, साखर उतरली तर काय, हे लिहून घ्या.
- पेसमेकर: गेटवर सुरक्षारक्षकाला कार्ड दाखवा, धातू तपासणाऱ्या कमानीतून न थबकता चालत जा, रक्षकाच्या हातातलं तपासणी यंत्र छातीवर रेंगाळू देऊ नका. मोठ्या स्पीकरमध्ये चुंबक असतात, त्यांना टेकून उभं राहायचं नाही.
- फिट येण्याचा त्रास: स्टेजवरचे लखलखणारे दिवे काहींना त्रास देतात. डॉक्टर नको म्हणाले तर बेत तिथंच थांबवा.
- मोतीबिंदू किंवा दुसरी ताजी शस्त्रक्रिया: धूळ आणि धक्काबुक्की कधीपासून चालेल, ते विचारा.

सावधान: "त्यात काय विचारायचं, मी ठणठणीत आहे" असं वडील म्हणतीलच. महिन्याच्या तपासणीला जाल तेव्हा तुम्ही सोबत जा आणि प्रश्न तुम्हीच विचारा.

## टप्पा ३: परतीचा रस्ता, तिकिटाच्या आधी

सगळ्यात जास्त बेत इथं फसतात. जाण्याचं नियोजन सगळे करतात. परतीचं "बघू तिथं गेल्यावर" असतं आणि बघायची वेळ रात्री साडेदहाला, हजारो लोकांच्या गर्दीत येते.

आधी एक नियम ध्यानात घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. त्यामुळे मैदानावरचे कार्यक्रम दुपारी सुरू होतात आणि बहुधा दहाच्या सुमारास संपतात. दहा ही वेळ धरून उलटं मोजत या.

साताऱ्याहून पुणे. अंतर साधारण ११० किलोमीटर. गाडी असेल तर त्याच रात्री परतता येतं, पण मैदानातून बाहेर पडून महामार्गाला लागेपर्यंत तास-दीड तास जातो. कात्रज-नवले पुलाचा पट्टा, खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी. रात्री घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळी रांग थांबते. घरी पोचायला दीड-दोन वाजतील असं धरा. गाडी चालवणाऱ्यानं दिवसभर उन्हात उभं राहून काढलेलं असतं, म्हणून दुसरा चालक हवा. बाबा शेजारी बसून "सावकाश" म्हणत राहतील, त्याला दुसरा चालक म्हणत नाहीत.

सांगलीहून पुणे. सुमारे २३० किलोमीटर. माझं स्पष्ट मत आहे की त्याच रात्री गाडीनं परतू नका. पेठ नाक्याला पोचेपर्यंत पहाट व्हायला येते आणि नेमकी तेव्हाच झोप अनावर होते. पुण्यात मुक्काम करा, नाहीतर रेल्वेचं पाहा. मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्यरात्रीच्या सुमारास पुण्यात येते आणि पहाटे सांगली-मिरज गाठते. आरक्षण असेल तर सांगलीकरांना ती सोयीची. खालचा बर्थ मागून घ्या, ज्येष्ठ पुरुषांसाठी आणि ४५ वर्षांपुढच्या महिलांसाठी त्याचा कोटा असतो. सातारकरांनी या गाडीच्या भानगडीत पडू नये. ती साताऱ्याला ऐन रात्री पोचते, आणि स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे असल्यामुळे तिथून घरी जायला वाहन आधी सांगून ठेवावं लागतं.

एसटी. जाताना उत्तम. महिलांना निम्मं भाडं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. आधार कार्ड जवळ हवं. स्वारगेटला उतरल्यावर नगर रस्त्याकडं जायचं असेल तर मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून रामवाडीपर्यंत जाता येतं. येताना मात्र शेवटच्या मेट्रोच्या भरवशावर राहू नका.

मुंबई किंवा नवी मुंबई. सातारा असो वा सांगली, मुक्काम ठरलेलाच. कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये असेल तर त्याच भागात खोली घ्या. दादरच्या मावशीकडे राहायचा मोह टाळा, रात्री अकराला तिथवर जाणं हा वेगळाच प्रवास आहे.

नातेवाइकांवरून आठवलं. "पुण्याला जातोच आहोत तर आत्याकडे तासभर जाऊन येऊ" असं आई म्हणणार. तो तासभर जेवणासह तीन तासांचा होतो आणि कार्यक्रमाचं वेळापत्रक कोलमडतं. आत्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मुक्काम त्यांच्याकडेच असेल तर रात्री बारा होतील, जेवायला थांबू नका, असं आधीच कळवा. नाहीतर पाच गाणी झाली की आईचा जीव तिकडे लागतो.

तपासा: "कार्यक्रम संपल्यावर मैदानाच्या गेटपासून अंथरुणापर्यंत कसं जायचं" हे एका कागदावर लिहिता आलं का? आलं, तर पुढं जा.

## टप्पा ४: तिकीट

आता मोबाइल काढा. अधिकृत ॲपवरूनच घ्या. "माझं एक जास्तीचं आहे" म्हणून क्यूआर कोडचा फोटो विकणारा तोच कोड दहा जणांना विकू शकतो आणि गेटवर पहिला जो जाईल तो आत.

तिकिटांचे प्रकार साधारण असे असतात: स्टेजला लागून फॅन पिट, त्यामागं उभ्यानं ऐकायचं जनरल, बाजूला किंवा मागं उंचावर व्हीआयपी, आणि स्टेडियम असेल तर खुर्च्या. लोक घाईत फॅन पिट घेतात, कारण जास्त पैसे म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं. आई-वडिलांसोबत ती सगळ्यात वाईट जागा. तिथं गर्दीचा रेटा असतो, बाहेर पडायला वाट नसते आणि उड्या मारणारी पोरं असतात.

टप्पा २ मधल्या चाचणीत तासाभरात बसावंसं वाटलं असेल तर खुर्चीचंच तिकीट घ्या. खुर्च्या नसतील आणि व्हीआयपी परवडत असेल तर तिथं बसायची सोय खरंच आहे का, हे वाचून पाहा. "व्हीआयपी" लिहिलं म्हणून खुर्ची असतेच असं नाही. चालायला त्रास असेल तर आयोजकांना आधी ईमेल करा. बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांत व्हीलचेअरसाठी आणि सोबत्यासाठी वेगळा उंचवटा असतो, मात्र तो आधी मागावा लागतो. स्टेडियमात जागा निवडता येत असेल तर मधल्या रस्त्याजवळची आणि कमी पायऱ्यांची पाहा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचा: वयाची अट, एकदा बाहेर गेल्यावर पुन्हा आत सोडतात का, आणि प्रवेशासाठीचा मनगटी पट्टा कुरिअरनं येणार की तिथं घ्यायचा. पुन्हा प्रवेश बहुतेक ठिकाणी नसतो. म्हणजे "औषध गाडीत राहिलं" याला उपाय नाही.

सावधान: काही ॲपमध्ये क्यूआर कोड कार्यक्रम जवळ येईपर्यंत दिसत नाही. सगळी तिकिटं एकाच मोबाइलवर असतील तर गेटवर सगळ्यांनी एकत्रच असायला हवं. ॲपमधून तिकीट पाठवायची सोय असेल तर बाबांचं त्यांच्या मोबाइलवर घालून ठेवा आणि ते उघडायचं कसं, हे घरी करून घ्या.

## टप्पा ५: कान

यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात कमी तयारी याचीच होते आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

आवाजाचा हिशेब साधा आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबल आवाजात आठ तास हे कामाच्या जागेसाठी मानलेलं सुरक्षित प्रमाण. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पोचलो की उरतात पंधरा मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये शंभराच्या आसपास आवाज ही नेहमीची गोष्ट आहे आणि मुख्य बँड दीड-दोन तास वाजवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक काढलं, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये असंच म्हटलंय. साठीनंतर ऐकण्याचा कस आधीच थोडा उतरलेला असतो. उरलेलं जपायचं आहे.

कापसाचे बोळे चालत नाहीत. आपल्या घरांत पहिला उपाय तोच सुचतो, पण कापसानं आवाज नावापुरता अडतो. प्लग दोन प्रकारचे घ्यावेत. स्पंजचे स्वस्त मिळतात, औषधांच्या दुकानातही असतात आणि आवाज भरपूर अडवतात. पण त्यांनी गाण्यातला वरचा पट्टा जास्त कापला जातो आणि "शब्दच कळत नाहीत" अशी तक्रार येते. दुसरे संगीतासाठीचे फिल्टरवाले, ते आवाज सारखा खाली आणतात. वडिलांना गाण्यात रस असेल तर फिल्टरवाले द्या. फक्त तुमच्यासाठी येणार असतील तर स्पंजचे पुरेत. राखीव जोडी खिशात हवीच.

स्पंजचा प्लग घालायची रीत:

1. हात धुऊन प्लग बोटांत फिरवत बारीक करा.
2. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूनं धरा आणि वर व मागं ओढा. ही पायरी सगळे गाळतात आणि मग प्लग अर्धा बाहेर राहतो.
3. आत सरकवून तो फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटानं धरून ठेवा.
4. स्वतःशी बोला. आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमला तर बसला.

घरी दोन-तीनदा करून पाहा, मोठ्या आवाजात टीव्ही लावून. अंधारात, गर्दीत, पहिल्यांदाच हे जमत नाही.

श्रवणयंत्र असेल तर ऑडिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. यंत्र नुसतं बंद केलं म्हणजे प्लगचं काम झालं, असं समजू नका. काढून ठेवायचं असेल तर डबी सोबत घ्या, शर्टाच्या खिशात सुटं टाकलेलं यंत्र गर्दीत हरवतं. कान वाहतोय किंवा पडद्याला छिद्र आहे, तर प्लगबद्दल आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा.

## टप्पा ६: गाण्यांची ओळख

शंभर गाण्यांची यादी पाठवू नका. बँड सध्याच्या दौऱ्यात काय वाजवतोय, हे इंटरनेटवर मिळतं. त्यातली नक्की वाजतील अशी चार-पाच गाणी निवडा आणि महाबळेश्वरला वगैरे जाताना गाडीत लावा. गाणं कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत सांगा. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी "हे त्यानं वडील गेल्यावर लिहिलंय" एवढं कळलं की आई ऐकते.

दोन प्रथा मात्र आधी सांगून ठेवा. एक, बँड "धन्यवाद" म्हणून आत जातो, अंधार होतो, लोक ओरडत राहतात आणि तो परत येऊन आणखी गाणी वाजवतो. हे ठरलेलं असतं. माहीत नसेल तर बाबा पिशवी उचलून चालायला लागतात. मैदानातले पांढरे दिवे लागले की संपलं. दुसरी, गर्दीत मध्येच गोल मोकळा व्हायला लागला तर तिथं पोरं एकमेकांवर आदळणार आहेत. भांडण नसतं ते, पण आपण मागं सरकायचं.

## टप्पा ७: पिशवी

मनाई असलेल्या वस्तूंची यादी तिकिटाच्या पानावर असते, ती वाचूनच भरा. बाटली, डबा, छत्री, लायटर, अत्तर बहुतेक ठिकाणी बाहेरच राहतं, काही ठिकाणी पॉवर बँकसुद्धा. कंदी पेढ्यांचा पुडा आणि सांगलीचं भडंग गेटवरच्या टोपलीत जाण्यापेक्षा गाडीत राहू दे, परतीच्या वाटेवर त्याची खरी किंमत कळते.

आत न्यायचं ते एवढंच:

- आधार कार्ड, आणि तिकीट ज्याच्या नावावर आहे त्याचं ओळखपत्र
- त्या रात्रीपुरती औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी
- मधुमेह असेल तर ग्लुकोजच्या गोळ्या, चिठ्ठीत त्यांचा उल्लेख करून घ्या
- प्लगच्या दोन जोड्या आणि चष्म्याला दोरी
- खिशात कागद: तुमचा नंबर, रक्तगट, चालू औषधं, मुक्कामाचा पत्ता
- पातळ स्वेटर किंवा शाल. अशा कार्यक्रमांचा हंगाम थंडीतलाच आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री उघड्यावर हुडहुडी भरते

पायात वापरलेले बूट. "कार्यक्रमाला जायचंय" म्हणून आई नवी चप्पल काढेल, तिला अडवा.

## टप्पा ८: त्या दिवशी

गेट उघडताच पोचायची गरज नाही. दुपारच्या उन्हात आधीचे तीन बँड ऐकून मुख्य बँडच्या वेळी आई-वडील गळून गेलेले असतात. मुख्य बँडच्या दोन तास आधी आत असलं की पुरे. रांगही तोवर ओसरते.

जेवण पाचच्या सुमारास बाहेर, नेहमीचं, हलकं. आत खाणं महाग असतं आणि पाण्याची किंमत ऐकून वडील तहानलेले राहणं पसंत करतात. त्यामुळे पैसे मनगटी पट्ट्यात भरायची पद्धत असेल तर तुम्ही आधी भरून ठेवा आणि किंमत न सांगता पाणी हातात द्या. फुकट पाण्याची टाकी कुठं आहे, तेही शोधा.

गाडी लावल्यावर तिचं तोंड बाहेरच्या दिशेनं ठेवा, शेजारच्या खुणेचा फोटो काढा आणि ठिकाण नकाशात साठवा. फास्टॅगमध्ये परतीचे पैसे आहेत ना?

तपासा, गेटच्या आधी: स्वच्छतागृहाला जाऊन आलात, संध्याकाळची गोळी घेतली, मोबाइल चार्ज आहे, गाडीत काही राहिलं नाही. आत गेल्यावर परत यायचं नाही.

## टप्पा ९: आत गेल्यावर जागा

पहिली दहा मिनिटं स्टेजकडे पाहूच नका. वैद्यकीय कक्ष, स्वच्छतागृह, पाणी आणि दोन बाहेरच्या वाटा सगळ्यांनी मिळून फिरून बघा.

मग चुकामूक झाल्यास भेटायची जागा ठरवा. गर्दीत नेटवर्क कोलमडतं, फोन लागत नाही, लाइव्ह लोकेशन फिरत राहतं. साधा एसएमएस कधीकधी जातो. "स्टेजच्या डावीकडे" हे ठिकाण नव्हे, कारण डावीकडे हजारो माणसं असतात. खाण्याचे स्टॉल सगळे सारखे दिसतात. वैद्यकीय कक्षाचं दार सर्वांत चांगलं: उजेड असतो, हलत नाही, कुणालाही विचारता येतं. "दिसेनासे झालो की शोधत फिरायचं नाही, तिथं जाऊन थांबायचं," हे दोघांकडून वदवून घ्या.

उभ्याचं तिकीट असेल तर मैदानाच्या मध्याकडे, साउंडवाल्यांचा मिक्सर जिथं असतो त्या मांडवाच्या मागं किंवा बाजूला उभे राहा. ज्या माणसाच्या हातात आवाज आहे तो तिथं बसून ऐकतो, त्यामुळे तिथला आवाज सगळ्यात नीट असतो. मांडवाच्या कठड्याला टेकताही येतं आणि पाठीमागून रेटा येत नाही. मोठ्या स्पीकरच्या समोरची रेष टाळा. बाहेर जायच्या वाटेकडची बाजू धरा.

स्वच्छतागृहाला दोन बँडच्या मधल्या वेळेत सगळं मैदान धावतं. तुम्ही आधीचा बँड वाजत असतानाच जाऊन या.

## टप्पा १०: गाणी चालू असताना

प्लग घातल्यावर बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवा. खांद्यावर एक थाप म्हणजे "ठीक ना?", मनगटाला धरलं म्हणजे "बाहेर जायचंय." मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवणं बरं पडतं, कानात ओरडणं नको. दर तीन-चार गाण्यांनी एकदा बघा. चेहरा बघा, नुसतं "ठीक" घेऊ नका.

घाम फुटला, गरगरलं, छातीत भरून आल्यासारखं वाटलं, बोलणं अडखळलं, तर गाणं संपायची वाट न पाहता तडक वैद्यकीय कक्षात. तिथून दूर असाल तर जवळच्या सुरक्षारक्षकाला सांगा, बाहेर असाल तर १०८. "थोडं बसलो की बरं वाटेल" यात वेळ घालवू नका.

बाकी, दोन तास त्यांचं तोंड न्याहाळतही बसू नका. त्यांना राखण नको असते. आईनं हात वर करून टाळ्या धरल्या तर त्याचा व्हिडिओ काढून लगेच घरच्या ग्रुपवर टाकायची घाई नको, तिला आधी विचारा.

## टप्पा ११: बाहेर पडणं

दोनच वेळा बऱ्या. एक, शेवटून दुसऱ्या गाण्याला निघायचं. दुसरी, सगळं संपल्यावर अर्धा तास थांबायचं. खुर्चीवर असाल तर थांबा, बसून राहा, जिने मोकळे होऊ द्या. मैदानात उभे असाल आणि पाय दुखायला लागले असतील तर आधी निघा, एक गाणं गेलं तर गेलं. मधल्या वीस मिनिटांत सगळ्या लोंढ्याबरोबर निघणं ही सगळ्यात धोक्याची चूक.

चालताना एक जण पुढं, आई-वडील मध्ये, एक मागं. दोघंच असाल तर तुम्ही अर्धं पाऊल पुढं, त्यांचा हात तुमच्या कोपराला. काही पडलं तर गर्दीत वाकायचं नाही.

टॅक्सी गेटवर मागवू नका. गाडी येत नाही, भाडं दुप्पट दिसतं आणि चालक रद्द करतो. मोठ्या रस्त्यापर्यंत चालून, एखाद्या हॉटेलसमोर उभं राहून मागवा. त्या चालण्याचा हिशेब टप्पा २ मध्ये धरलेला असू द्या.

स्वतःची गाडी असेल तर निघण्याआधी दहा मिनिटं बसा, पाणी प्या. डोळे जड असतील तर महामार्गावर उजेडाच्या, वर्दळीच्या धाब्यावर थांबून झोप काढा. अंधारात कडेला गाडी उभी करू नका.

## टप्पा १२: दुसरा दिवस

कानात शिट्टीसारखा किंवा गुणगुणल्यासारखा आवाज येतो का, हे दोघांनाही विचारा. थोडा असेल तर सहसा एक-दोन दिवसांत जातो. तोवर हेडफोन आणि मोठा टीव्ही बंद. दोन दिवसांनीही राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं तर दोन दिवस थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी उपचार जितका लवकर तितका उपयोगी पडतो.

पायांना सूज असेल तर पाय उंचावर ठेवून आराम. एकाच पोटरीत दुखणं, गरमपणा आणि सूज असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, नुसता थकवा समजू नका.

औषधांच्या वेळा पुन्हा नेहमीच्या घड्याळावर आणा. मनगटी पट्ट्यात पैसे उरले असतील तर परत मागायची मुदत असते आणि ती बहुधा थोडक्या दिवसांची असते. अर्ज त्याच दिवशी ऑनलाइन भरून टाका. आणि बाबांच्या मोबाइलमधलं तिकीट पुसू नका, पुढच्या वेळी कोणत्या गेटनं जायचं ते त्यावर लिहिलेलं असतं.